निळ्याखाली मिंगो आहे

मी दार बोलतेय. दाराला कसलं आलंय बोलणं, असं वाटत असेल तर वाटू दे. नव्वद वर्षं माणसांची बोलणी मी दोन्ही बाजूंनी ऐकली, आतली आणि बाहेरची, आणि ती किती वेगळी असतात ते मला विचारा. घरातल्या बायकांनीच मला पुसलं, रंगवलं, राग आला की आपटलं. म्हणून मी बाईसारखीच बोलते, आणि तोंडावर बोलते.

आज शुक्रवार आहे. सोमवारी माझा रंग उतरवायला माणूस येणार आहे. त्याच्या आत हे सांगून व्हायला हवं.

अमेरिकेच्या दक्षिणेला, कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगत आमचं बेट. वादळात पडलेल्या एका सायप्रस झाडाच्या तीन फळ्या विनीच्या बापानं जोडल्या आणि मला उभं केलं. लगेच निळा रंगही दिला. आमच्याकडे दारं-खिडक्या निळ्याच असतात. भुताला निळं दिसलं की ते पाणी वाटतं, आणि भूत पाणी ओलांडत नाही. खरंखोटं मला माहीत नाही. इतक्या वर्षांत माझ्यातून भूत काही आत आलं नाही, एवढं सांगते. जे वाईट आमच्या वाट्याला आलं ते मोटारीत बसून आलं, आणि त्याला निळ्याची भीती नव्हती.

विनी घरातली थोरली. तिच्या पाठीवर नऊ वर्षांनी मिंगो झाला, आणि तो दोन वर्षांचा असताना आई गेली. म्हणजे बहीण कसली, आईच ती त्याची. दर नाताळाला ती त्याला माझ्या कडेला पाठ लावून उभा करायची आणि डोक्याच्या वर चाकूनं खाच मारायची.

"टाचा टेकव, लबाडा."

"टेकवल्यात, ताई."

"मग बुटात उंदीर शिरलेत का? टेकव."

सतरा खाचा आहेत माझ्या कडेवर. शेवटची इतकी वर आहे की ती मारायला विनी बादलीवर चढली होती.

मिंगो हे त्याचं टोपलीतलं नाव. आमच्या बेटावर पोर टोपलीत झोपायच्या वयाचं असतं तेव्हाच घरचे एक नाव ठेवतात, आणि जन्मभर तेच चालतं. दुसरं नाव कागदावर लिहून पेटीत टाकतात. ते कुणी उच्चारत नाही. शेजाऱ्याला शेजाऱ्याचं कागदावरचं नाव माहीत नसतं. जुन्या लोकांनी मुद्दाम तसं ठेवलं असणार. कागद घेऊन कुणी शोधायला आलं तर माणूस सापडू नये. त्यांच्या गुलामीच्या काळी त्याचा उपयोग झाला असेल. आमचा मात्र त्याच रीतीनं घात केला.

विनीला चार इयत्ता झाल्यावर शाळा सुटली, पण हातात रंग होता. नवं वर्ष लागायच्या आत बेटावरची सगळी दारं-खिडक्या तीच निळी करायची. होड्यांवर नावं घालायची. मयतीचा खर्च उचलणाऱ्या मंडळाच्या निशाणावर तिनं काढलेला देवदूत होता. त्याला हॅगर आत्याचं नाक दिलं म्हणून हॅगर आत्या महिनाभर रुसली होती. हॅगर आत्या म्हणजे शेजारची. बेटावरची निम्मी बाळंतपणं तिनं केलेली, आणि हाताला काम नसलं की माझ्यासमोर पायरीवर बसून मासे धरायचं जाळं विणायची.

मिंगो मोठा झाल्यावर खाडीपलीकडे शहरात लाकडाच्या वखारीत लागला. शनिवारच्या बोटीनं घरी यायचा. हातात कागदी पिशवी, पिशवीत उकडलेल्या शेंगा. रोज पोटभर जेवण मिळत असलं तरी विनीला शनिवारी त्या शेंगा लागायच्या.

"अर्धी पिशवी रिकामी कशी?"

"बोटवाल्यानं खाल्ल्या, ताई."

"मीठ बोटवाल्याच्या ओठाला नाही लागलेलं. तुझ्या लागलंय."

चोपन्न सालच्या मार्चमधल्या एका शनिवारी तो आला नाही.

विनीला काही वाटलं नाही. वखारीत जादा काम निघालं की तो राहायचा. रविवार गेला, सोमवार गेला.

मंगळवारी हॅगर आत्या जाळं घेऊन पायरीवर बसली होती आणि विनी आत चुलीपाशी. मी दोघींच्या मध्ये उघडी होते.

"शहरात तुरुंगात कुणीतरी मेलाय म्हणे," आत्या म्हणाली. "काल दुकानदार नोटीस वाचून दाखवत होता. कुणाचा असेल त्यानं तीन दिवसांत न्यावा म्हणे. नाव काहीतरी लांबलचक होतं. मी म्हटलं, आमच्यात असा कोणी नाही."

"कुणाचा तरी असेलच की," विनी आतून म्हणाली. "त्याच्या आईला देव बळ देवो."

आणि तिनं भातावर झाकण ठेवलं. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. कित्येक वर्षं मी ते झाकण ऐकत होते.

शुक्रवारी विनी टर्पेंटाइन आणायला दुकानात गेली. नोटीस अजून फळीला टोचलेली होती. विनी बोटानं वाचायची, अक्षर जोडत जोडत. थ, ॅ, ड. थॅडियस चिझम. निग्रो. वय सुमारे तीस. ते पेटीतल्या कागदावरचं नाव होतं. अख्ख्या बेटावर ते फक्त तिला माहीत होतं, आणि नोटीस वाचली जाताना ती तिथं नव्हती.

ती घरी आली तेव्हा टर्पेंटाइनची बाटली हातातच होती. ती माझ्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि हॅगर आत्याला सांगितलं. आत्यानं जाळं मांडीवरून खाली ठेवलं.

"माझ्या तोंडानं म्हणाले मी," आत्या म्हणाली. "आमच्यात असा कोणी नाही म्हणाले. विनी, त्याची नाळ मी कापली होती."

झालं होतं ते असं. शहरातल्या एका दुकानात चोरी झाली. चोर कसा होता, तर उंच, काळा, तिशीतला. मिंगो धक्क्यावर बोटीची वाट बघत उभा होता. तो उंच होता, काळा होता, तिशीतला होता. पोलिसाची मोटार थांबली. सकाळी कोठडीत तो मेलेला होता. कागदावर लिहिलं, पाय घसरून पडला. तीन दिवस कोणी आलं नाही, म्हणून चौथ्या दिवशी वीटभट्टीमागच्या सरकारी जागेत पुरून टाकला. त्या जागेत दगड नाही, क्रॉस नाही, काही नाही.

आमच्यात मेलेलं माणूस आपल्या माणसांपाशी पुरतात, पाण्याच्या अंगाला, आणि त्याचा शेवटचा कप, शेवटचा चमचा मातीवर ठेवतात. परक्या जागेत सोडलेला माणूस भटकतो. विनीला बाकी काही नको होतं. न्याय वगैरे शब्द तिनं काढलाही नाही. तिला तो घरी हवा होता.

शनिवारी ती शहरातल्या सरकारी कचेरीत गेली. आल्यावर सगळं आत्याला सांगितलं, तेच सांगते. टॅल्बर्ट नावाचे गोरे साहेब तिथं बसतात. त्यांनी वर न बघताच विचारलं, "काय गं, काय हवंय?"

"माझा भाऊ न्यायचाय, साहेब."

"ह्या महिन्यात तिथं पाच जण पुरलेत. कुठला तुझा? नोंद नाही केलेली. फोटो आहे का?"

"फोटो कधी काढला नाही, साहेब."

"मग दिसायला कसा होता?"

विनीनं सांगितलं. उंच, असा, तसा. टॅल्बर्टसाहेब हसले. वाईट नाही, आपले नेहमीसारखे हसले. "अगं, तुम्ही सगळे सारखेच दिसता. पाचातला कुठला, ते मी कसं ओळखणार? जा, घरी जा."

एवढं सांगून झालं. मग विनी उठली आणि माझ्या बिजागऱ्या काढायला लागली.

"अगं, दार काय काढतेस?" आत्या म्हणाली.

"साहेबाला बघायचंय मिंगो कसा दिसत होता. दाखवते."

"दारावर? निळ्यावर? निळं पुसलंस तर भुतं शिरतील घरात."

"भुतांनी काय नेलंय माझं? शिरू दे."

त्या खाचांमुळेच तिनं मला घेतलं. शेवटच्या खाचेपर्यंत त्याचं डोकं यायला हवं होतं, म्हणजे तो खऱ्या उंचीचा होणार होता. मला पडवीत आडवी ठेवली, निळा घासून काढला, आणि ती रंगवायला बसली.

पहिल्यांदा तिनं डब्यातला काळा घेतला. दुकानातून आणलेला, चुलीला लावतात तसला. चेहरा भरला आणि मागे सरकून बघितलं. तो मिंगो नव्हता. दुकानात काकवीच्या डब्यावर एक चित्र असायचं, डांबरासारखा काळा माणूस, लाल जाड ओठ, पंधरा-वीस दात काढून हसणारा. तोच उतरला होता माझ्यावर.

"हा त्यांचा काळा आहे," विनी म्हणाली. "मिंगो कुठं असा काळा होता?" आणि टर्पेंटाइननं सगळं पुसून टाकलं.

मग तिनं स्वतःचा हात माझ्याशेजारी ठेवला, बाही वर करून, आणि हाताकडे बघत रंग मिसळायला सुरुवात केली. विटेची पूड. अक्रोडाच्या सालीचं पाणी. अंड्यातला पिवळा. दिव्याची काजळी, अगदी चिमूटभर. मिंगोच्या कपाळावर ऊन पडलं की थोडं निळं चमकायचं, म्हणून दाराचाच थोडा निळा. कानाच्या पाळीला तांबूस. तळव्याला फिका. मी त्या पोराला टोपलीपासून बघितलं होतं, पण त्याच्या अंगात इतके रंग आहेत हे मलाही तेव्हाच कळलं. माणसं एक शब्द म्हणतात, काळा, आणि बघायचं थांबतात.

हॅगर आत्या दूर बसून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं हळूच विचारलं, "मार दाखवणारेस का? तोंडावरचा?"

"मार त्यांनी दिला," विनी म्हणाली. "चित्र मी काढतेय."

तिनं तो धक्क्यावर उभा काढला. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात शेंगांची पिशवी. बोट यायची वाट बघतोय. तोंडावर थोडी लबाडी, कारण अर्ध्या शेंगा खाऊन झाल्यात. डोळे सरळ समोर. आमच्याकडची माणसं शहरात गोऱ्यांसमोर डोळे खाली ठेवतात. ते लहानपणीच शिकवतात. विनीनंच शिकवलं होतं त्याला. आता तिनं ते डोळे वर केले.

पूर्ण झाल्यावर आत्या जवळ आली. तिनं माझ्यावरच्या त्या गालाला हात लावला नाही, रंग ओला होता. फक्त म्हणाली, "मीठ लागलंय बघ ओठाला."

मंगळवारी सकाळच्या बोटीनं आम्ही गेलो. विनीनं मला एका बाजूनं धरलं, आत्यानं दुसऱ्या. कचेरीसमोर रस्त्यापलीकडे एक ओक होता, त्याला मला टेकवून उभी केली. विनी एका बाजूला बसली, आत्या दुसऱ्या बाजूला जाळं विणत. कुणी विचारलं की आत्या म्हणायची, "हा आमचा मिंगो. थॅडियस चिझम. आमच्यातला." दिवसातून चाळीस-पन्नास वेळा म्हणायची. कुणी न विचारताही म्हणायची. संध्याकाळच्या बोटीनं परत, सकाळी पुन्हा.

टॅल्बर्टसाहेब पहिल्या दिवशी दारात येऊन उभे राहिले. "हे काय मांडलंयस?"

"तुम्ही विचारलं होतंत, साहेब. दिसायला कसा होता म्हणून."

ते आत गेले. हाकलणार कशावरून? विनीनं काही फलक लावला नव्हता, ओरडली नव्हती. एक चित्र घेऊन बसली होती.

लोकांचं काय सांगू. एक गोरी बाई मुलीचे डोळे झाकून पलीकडच्या फुटपाथला गेली. त्यात झाकण्यासारखं काय होतं?  एक माणूस माझ्यावर थुंकला. विनीनं फडक्यानं पुसलं आणि पुन्हा बसली. काही जण लांबून बघायचे. काळी माणसं दिवसा समोरून नुसती जायची, टोपीला हात लावून, पाय न थांबवता. त्यांना तिथं नोकऱ्या होत्या.

आणि तो पोलीस. ज्यानं मिंगोला धक्क्यावरून उचललं तो. पहिल्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या चढताना त्याची नजर माझ्यावर गेली आणि पाय अडला. दुसऱ्या दिवशी तो मान फिरवून चढला. तिसऱ्या दिवसापासून तो इमारतीला वळसा घालून मागच्या दारानं जायला लागला. मागचं दार आमच्या लोकांसाठी होतं. मिंगो आयुष्यभर तिथून गेला. मी दार आहे, कोण कुठून जातं ते मला बरोबर कळतं. विनीलाही कळलं. त्या दिवशी घरून आणलेला भात तिनं पूर्ण खाल्ला.

सहाव्या दिवशी एक म्हातारा आला. काळा, वाकलेला, नखांत माती. माझ्यासमोर थांबला आणि टोपी काढली.

"बाई," तो म्हणाला, "ह्याला मी पुरलाय."

विनी उठून उभी राहिली.

"अब्राम माझं नाव. सरकारी जागेत खड्डे मीच खणतो. पेटीत ठेवण्याआधी तोंड पुसलं होतं मी त्याचं. असंच सोडवेना. तुम्ही काढलंय तसं नव्हतं तेव्हा ते. पण कान हेच. कपाळ हेच. कुंपणापासून तिसरा आहे." मग म्हणाला, "खिशात उकडलेल्या शेंगा होत्या. मी काढल्या नाहीत. म्हटलं, कुणासाठी तरी नेत असेल."

विनी खाली बसली. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं. आवाज नव्हता. नुसतं पाणी.

आता टॅल्बर्टसाहेबांना नाही म्हणायला जागा उरली नव्हती. तरी त्यांनी आणखी तीन दिवस घालवले. नवव्या दिवशी कागद घेऊन बाहेर आले आणि रस्ता ओलांडला. तोपर्यंत येणारे-जाणारे थांबायला लागले होते, आणि आत कुणाला तरी ते खुपत असणार.

"हा घे परवाना," साहेब म्हणाले. "उद्या काढून ने त्याला. पण हे आधी पुसायचं. इथंच, माझ्यासमोर. आणि पुन्हा काढायचं नाही. कबूल?"

"कबूल नाही," आत्याच म्हणाली. "विनी, नको गं. खड्ड्यात गेला त्यांचा कागद."

"खड्ड्यात माझा भाऊ आहे, आत्या."

विनीनं माझ्याकडे बघितलं. म्हणजे मिंगोकडे. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. इकडे त्याचा चेहरा, तिकडे त्याची हाडं. दोन्ही तिचीच होती, आणि एकच घेता येणार होतं.

"पुसत नाही, साहेब," ती म्हणाली. "वरून निळा देते. आमच्या दारांना निळाच असतो. पुन्हा काढणार नाही, शब्द देते."

"दे."

"आत्या, मेण दे."

आत्याच्या खिशात मेणाचा गोळा असायचा, जाळ्याच्या दोऱ्याला लावायला. तिनं विनीकडे बघितलं. साठ वर्षं दारांना निळा लागताना बघितलेली बाई ती. मेणावर रंग धरत नाही, हे तिला माहीत नसणार होय? तिनं गोळा काढून दिला.

विनी ते मेण मिंगोच्या चेहऱ्यावर घासायला लागली. कपाळ, डोळे, गाल, ओठ. मग हात, पिशवी, टोपी. सावकाश, ताप आलेल्या पोराच्या अंगाला तेल लावावं तशी.

"हे कशाला?" साहेबांनी विचारलं.

"खालचा रंग तेलाचा आहे, साहेब. त्यावर नुसता निळा दिला तर चेहरा परत वर येतो. मेण लावलं की बसतो."

"मग दोन हात दे निळ्याचे."

"देते, साहेब."

दोन हात दिले. डोळे सगळ्यात शेवटी झाकले. मला त्या क्षणी जे झालं ते मी सांगणार नाही, तेवढं माझं माझ्यापाशी राहू दे.

दुसऱ्या दिवशी अब्रामनं त्याला वर काढलं. सरकारी पेटी दोन आठवड्यांतच फुगून फुटली होती, हातानं उचलता येईना. आमच्याकडे मेलेल्या माणसाला दार उतरवून दारावर निजवायची रीत आहेच. चार जणांनी ती पेटी माझ्यावर ठेवली. निळा अजून पुरता वाळला नव्हता. मिंगो माझ्यावर पडून घरी आला, तोंडाखाली त्याचंच तोंड. वखारीत राबून शनिवारी यायचा त्याच बोटीनं.

पाण्याच्या अंगाला, आईशेजारी त्याला ठेवला. हॅगर आत्यानं मातीवर त्याचा कप ठेवला. विनीनं शेंगा ठेवल्या. त्या रविवारपासून बेटावरच्या प्रार्थनाघरात एक नवी गोष्ट सुरू झाली. आत्या उभी राहायची आणि प्रत्येकाची दोन्ही नावं घ्यायची, टोपलीतलं आणि कागदावरचं, आणि बाकीचे म्हणायचे, "आमच्यातला." "आमच्यातली." आत्याला चाळीस घरांची नावं पाठ झाली होती. मरेपर्यंत तिनं ते सोडलं नाही. त्यानं तिचं मन हलकं झालं का, ते मला माहीत नाही. झालं नसावं.

मला परत बिजागऱ्यांवर चढवलं. विनीनं शब्द पाळला. पुन्हा मिंगोचं चित्र काढलं नाही, माझ्यावर नाही, कशावरच नाही. पण नवं वर्ष आलं की ती बेटावरची सगळी दारं रंगवायची आणि मला सोडून द्यायची.

"तुझं स्वतःचं दार बघ, कसं पोपडे धरलंय," लोक म्हणायचे.

"धरू दे," ती म्हणायची.

ती वाट बघत होती. तिला वाटलं होतं तीन-चार वर्षांत निळा गळून पडेल. पण पडवीची सावली, आणि साहेबाचे ते दोन हात. सतरा वर्षांनी टोपीचा काठ दिसला. सव्वीस वर्षांनी हात आणि पिशवी. म्हातारी विनी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायची आणि त्या हातावर आपला हात ठेवायची. नखानं खरवडून टाकता आलं असतं तिला. मी मनात म्हणायची, खरवड गं, कोण बघतंय. पण तिनं शब्द दिला होता, आणि ज्यांना दिला त्यांची लायकी बघून ती शब्द पाळत नव्हती.

चेहरा दिसायच्या आत ती गेली. शहाऐंशी साली. शेवटी मला उतरवून तिलाही माझ्यावरच निजवली.

पुढचं थोडक्यात सांगते, ते सांगण्यासारखं नाही. नात्यातली पोरं उत्तरेला गेली. घर बंद. बेटाचा तो भाग मोठ्या कंपनीनं घेतला, गोल्फचं मैदान केलं, भोवती कुंपण, फाटक. मिंगोची जागा कुंपणाच्या आत गेली. आता आमच्या माणसांना कबरीवर जायचं तर फाटकावर नाव सांगावं लागतं, कागदावरचं.

मला एका जुन्या वस्तू विकणाऱ्यानं उचललं. "अस्सल निळं दार," तो म्हणाला, आणि पोपडे दिसतात म्हणून वरून नवा निळा मारून टाकला. विनीनं सव्वीस वर्षं वाट बघून मिळवलेला हात त्यानं दहा मिनिटांत झाकला. त्याला माहीत नव्हतं. माहीत नसण्याचा मला आता फार कंटाळा आलाय.

तेव्हापासून मी इथं आहे, एका श्रीमंत घरातल्या जेवणाच्या खोलीत, भिंतीला लटकवलेली. माझ्यातून कुणी येत नाही, जात नाही. पाहुणे वाइन पितात आणि म्हणतात, किती शांत रंग आहे, हा भुतांसाठी असतो ना? घरची बाई मोठ्या हौसेनं भुतांची गोष्ट सांगते. वाईट नाही ती. कडेवरच्या खाचांवरून बोट फिरवते आणि म्हणते, उंदरांनी कुरतडलं असेल.

आता तिला निळ्याचा कंटाळा आलाय. नुसतं लाकूड हवंय. काल तो कारागीर बघून गेला, पन्नाशीचा, गळ्यात दोरीला चष्मा. त्यानं माझ्या मधोमध अंगठा दाबला आणि थांबला. "इथं खाली मेणासारखं काहीतरी लागतंय," तो म्हणाला.

"असू दे," बाई म्हणाली. "औषधाच्या टाकीत बुडवा, सगळं निघून जाईल ना?"

"जाईल," तो म्हणाला. पण अंगठा लगेच काढला नाही.

त्या अंगठ्याशीच मी बोलतेय.

दादा, मला टाकीत बुडवू नका. पातं घ्या, आणि हातानं करा. वरचा निळा त्या जुन्या वस्तू विकणाऱ्याचा आहे, तो बिनधास्त ओढा. त्याच्या खालचा फिका निळा विनीचा, तो मेणावर आहे, नखानंही निघेल. घाई करू नका. आधी टोपी दिसेल. मग पिशवी. मग एक डोळा दिसेल, सरळ तुमच्याकडे बघणारा. घाबरू नका, तो कुणाला घाबरवायला काढलेला नाही. तिथं पातं ठेवून द्या आणि बाईंना बोलवा.

त्या विचारतील, हा कोण. तेव्हा सांगा, थॅडियस चिझम. मिंगो. बोटीची वाट बघतोय.

आणि आमच्यातला आहे म्हणावं. हॅगर आत्या आता नाही. ते एवढं तुम्ही म्हणा.